रकाना क्रमांक सतरा

तालुक्याचा कागद नदी ओलांडून आला,
मोटारसायकलवाल्याच्या बनियनच्या आत,
घामानं मऊ पडलेला.
मी वाए लोमेचा कारकून.
अक्षर बरं म्हणून नेमलेला.
आज दिवसभर ढग होते, त्यामुळे सौर दिवा
तासभर जळेल फार तर, मग लाल होईल.

गावाचं नाव: लिहिलं.
समुद्रसपाटीपासून उंची: माहीत नाही.
इथून समुद्र दिसतो अंगठ्याच्या नखाएवढा,
आणि आमच्यातल्या निम्म्यांनी
त्याला कधी हात लावलेला नाही.

लोकसंख्या.
इथं पेन अडतं.
नादुसला धरू की नको?
पाच वर्षं झाली, मलेशियात पामच्या बागेत आहे.
त्याचं ताट अजून खिळ्याला टांगलेलं असतं,
आणि युलिता, त्याची पोर,
बाप म्हणजे एक आवाज समजते,
टेकडीवरच्या केमिरीच्या झाडातून येणारा.
रेंज फक्त तिथंच लागते, तिसऱ्या फांदीपाशी.
रविवारी मासनंतर सगळे आपापले फोन
पिशवीत घालून फांदीला अडकवतात,
आणि खाली उभे राहून
मान वर करून बोलतात,
जसं कुणी पिकल्या फळाशी बोलावं.

हिलारियुसला मात्र मी खोडलं.
तो पेटीतून आला गेल्या वर्षी.
जन्मात पहिल्यांदा विमानात बसला,
तेही आडवा.
नदी छातीपर्यंत होती त्या दिवशी.
आम्ही सहा जणांनी पेटी डोक्यावर घेतली,
आणि मधल्या धारेत त्याच्या आईनं काठावरून हाक दिली,
"सांभाळून, त्याला पोहता येत नाही."

पिकं: केमिरी, मका, थोडी व्हॅनिला.
व्हॅनिलाच्या हिरव्या शेंगेवर फिलोमेना
टाचणीनं स्वतःचं अक्षर टोचून ठेवते,
चोरीला गेली तरी ओळखता यावी म्हणून.
शेंग वाढते, तसं अक्षरही वाढतं.
तिच्या तिन्ही मुलांवर असं काही टोचायचं राहून गेलं,
असं ती म्हणते, आणि हसते,
आणि मग हसत नाही.

शाळा: आहे.
गुरू: एक, ओक्ताविआना बाई.
पगार तिमाहीचा, येतो सहामाहीला.
पाचवीच्या पुस्तकात लिफ्टचं चित्र आहे.
तिनं जमिनीवर खडूनं चौकोन काढला,
चार पोरं आत उभी केली, दार लावल्यासारखं केलं.
युलितानं विचारलं,
"वर गेलेली माणसं
याच दारातून परत येतात ना?"
बाईनं पुढचं पान काढलं.

रकाना सतरा:
गावाच्या विकासाच्या शक्यता. कमाल दोन ओळी.
माझ्या आधीच्या कारकुनानं लिहिलं होतं
केमिरी, व्हॅनिला, पर्यटन.
त्याच्या आधीच्यानंही तेच.
एक पर्यटक आला होता खरा.
छपरांचे फोटो काढले, पाऊस लागला म्हणून तीन रात्री राहिला,
आणि जाताना म्हणाला, हे असंच राहू द्या.
आम्ही मान डोलावली. पाहुणा होता.

दिवा लाल झाला.
या टेबलाच्या खणात माझे चार फोटो आहेत,
मागं निळा पडदा, कॉलरला बटण.
शुक्रवारी दलाल येतो
नदीच्या पलीकडे, इकडे तो उतरत नाही.
आईला अजून सांगितलेलं नाही.
तिला कळलं असावं;
काल तिनं माझं ताट घासलं
नेहमीपेक्षा जास्त वेळ.

लोकसंख्या: तीनशे बारा, असं लिहिलं.
नादुसला धरून.
मला धरून.
खोटं असेल तर तालुक्यानं येऊन मोजावं,
वाट त्यांनाही माहीत आहे.

सतराव्या रकान्यात एकच शब्द लिहिला: पूल.
पूल झाला तर जाणं सोपं होईल,
हे मी लिहिलं नाही.
दुसरी ओळ तशीच ठेवली.
अंधारात कागदाची घडी घातली
आणि उशाखाली ठेवला,
सकाळपर्यंत कोरडा राहावा म्हणून.